टॉर्चच्या उजेडातली उल्का

बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर दयानंद हलगेकरचं निम्मं आयुष्य गेलं. खानापूरहून आला तेव्हा तो विशीत होता; आता मिशीतसुद्धा काळा केस शोधावा लागतो. त्या प्रेसचा दणका असा, की पायाखालची फरशी हलते. सुरुवातीच्या वर्षांत कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, म्हणून सगळे ते खिशात ठेवत. पुढे ते सक्तीचे झाले. तोवर दयानंदच्या कानांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आधी चिमण्या गेल्या. एखादी खिडकीवर बसलेली दिसायची, चोच उघडायची, आवाज नाही. मग कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज गेले. पुरुषांचे आवाज तेवढे येत राहिले, पण त्यांतले शब्द नाही. भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसा नुसता घुमारा.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. कारखान्यात कळलं तर मशीनवरून हलवतील ही धास्ती. घरी आई होती, ती जिवाला लावून घेईल म्हणून तिला नाही सांगितलं, आणि आई गेल्यावर सांगायचं तसंच राहून गेलं. लग्नही असंच राहिलं होतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बरंचसं ओळखायला शिकला, आणि जे ओळखता येत नसे त्याच्यासाठी त्याने एक कानडी शब्द हाताशी ठेवला: ‘सरी’, म्हणजे बरं, ठीक. रिक्षावाला काही म्हणाला, सरी. दुकानदार म्हणाला, सरी. त्या शब्दापुढे बोलणं जातच नाही, तिथेच संपतं. लोकांना वाटायचं, माणूस फार नम्र आहे, मितभाषी आहे. हळूहळू त्यांनी त्याच्याशी बोलायचंच कमी केलं.

राहायला कारखान्यापासून चालत जाण्यासारखी एक खोली होती, गंगव्वाच्या घराच्या गच्चीवर. गंगव्वा मूळची निपाणीकडची. तिची कानडी मराठीत आणि मराठी कानडीत मिसळलेली, आणि आवाज असा, की ती खाली बोलली तर गल्लीच्या टोकाला कळावं. इतर भाडेकरू वैतागायचे. दयानंदला मात्र त्या घरात आल्याचं समाधान होतं. बंगळुरात त्याला नीट ऐकू येणारी ती एकच बाई होती.

आणि रविवारी दुपारी उल्का होती. उल्का त्याची धाकटी बहीण, खानापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका. आई गेल्यानंतर तिने दर रविवारी जेवण झालं की व्हिडिओवर बोलायचा नेम धरला, आणि दयानंदने त्यासाठीच लॅपटॉप घेतला. फोनवर तिचं तोंड नखाएवढं दिसे, त्यातून ओठ काय वाचणार? शिवाय लॅपटॉपवर आणखी एक सोय होती: समोरचा बोलेल ते खाली अक्षरांत उमटायचं. त्यात चुका फार. ‘भाऊजी’ची ‘भाजी’ व्हायची, शाळेतल्या ‘बाईं’च्या ‘गाई’. पण निम्मं उल्काच्या ओठांवरून आणि निम्मं खालच्या ओळीवरून असं मिळून त्याचं भागायचं. उल्का भरभर बोलायची, एका गोष्टीतून दुसरीत शिरायची. उत्तराची तिला गरज नसे. हेडमास्तरांचं भांडण, नळाला न आलेलं पाणी, कोणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न. बाकीच्या सहा दिवसांत मिळून दयानंदशी कोणी इतकं बोलत नव्हतं.

तो लॅपटॉप एका संध्याकाळी अंधारला. सुरू होताना दिवा लागला, पंखा फिरलेला हाताला जाणवला, पण पडदा काळा. निरखून पाहिलं तर अगदी काळा नव्हे. खोल विहिरीच्या तळाशी काहीतरी हलावं तसं चित्र होतं. उजेड वाढवायची बटणं त्याने दाबून पाहिली. चार्जर काढून पाहिला, लावून पाहिला, बंद करून पुन्हा सुरू केला. मग टॉर्च आणून तिरपा धरला, तर उजेडाच्या गोलात फाइलींची नावं स्पष्ट दिसली. म्हणजे चित्र होतं. चित्रामागचा दिवा तेवढा पेटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप आणि एक केबल घेऊन खाली गेला.

“एनु तम्मा, माझी सीरियल बंद करून काय लावतोस?” गंगव्वाने दारातूनच विचारलं. ती त्याला तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ.

“दोनच मिनिटं, अक्का. टीव्हीवर दिसतंय का बघतो.”

टीव्हीवर सगळं लखलखीत दिसलं. लॅपटॉपच्या पोटात बिघाड नाही, दोष पडद्यातच कुठेतरी आहे, एवढं त्यावरून कळलं.

“मग दुकानात टाक की,” गंगव्वा म्हणाली. “स्वल्प पैसे जातील, डोक्याचा ताप तरी जाईल.”

शनिवारी तो बाजारातल्या एका दुकानात गेला. काचेपलीकडचा तरुण मान खाली घालून दुसराच एक फोन दुरुस्त करत होता आणि तसाच मान वर न करता बोलत होता. दयानंदला त्याचे ओठ दिसेनात. त्याने सवयीने ‘सरी’ म्हटलं. त्या तरुणाने आणखी काही विचारलं, पुन्हा सरी. मग त्याने लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला घेतले. आपण नेमकं कशाला हो म्हटलंय हेच दयानंदला कळेना. रांगेत मागे उभे असलेले लोक बघत होते. त्याने एकदम हात पुढे करून लॅपटॉप ओढून घेतला आणि बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावरही बराच वेळ त्याचे कान तापलेले होते. निदान तेवढं तरी त्या कानांना अजून जमत होतं.

रविवार आला. गंगव्वाच्या टीव्हीवर उल्काशी बोलता आलं असतं, पण मग गंगव्वाला कळलं असतं की हा बहिणीचं बोलणं खाली वाचतो. नेम चुकवला तर उल्का काळजी करत बसली असती. त्याने खिडकीवर चादर टाकली, म्हणजे खोलीतल्या अंधारात टॉर्चचा उजेड नीट पडेल, आणि एका हातात टॉर्च धरून पडद्यासमोर बसला.

उजेडाचा गोल लहान होता. त्यात एका वेळी उल्काचं तोंड मावे, नाहीतर खालची ओळ. दोन्ही नाही.

“दादा, अंधारात का बसलाईस?” हे त्याने ओठांवरून ओळखलं.

“डोकं दुखतंय जरा. तू बोल.”

उल्का बोलू लागली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा सावकाश बोलत होती, पण गोल इकडून तिकडे नेण्याच्या धांदलीत ते त्याच्या लक्षात आलं नाही. ओठांवर ‘आप्पाजी’ हे नाव दिसलं. गोल खाली नेला. ओळ होती: ‘काल सकाळी गेले’.

आप्पाजींचं त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलीचं दुकान होतं. वडील वारल्यावर दयानंद शाळा सुटली की तिथेच बसायचा. पंक्चर काढता काढता हत्यारं धरायला त्याला आप्पाजींनी शिकवलं, आयटीआयला घालायला त्यांनीच आईला पटवलं, आणि बंगळूरच्या गाडीत ट्रंक मांडीवर घेऊन त्याच्यासोबत तेच आले होते. आता ते थकले होते. बेळगावच्या मुलाकडे राहायला जायचं त्यांचं कित्येक महिने चाललं होतं, आणि दर खेपेला काहीतरी निमित्त निघून राहात होतं.

“बरं झालं!” दयानंद मनापासून हसला. “किती दिवस नुसतं जाऊ जाऊ चाललेलं. सुटले एकदाचे. आता सुनेच्या हातचं गरम खातील.”

गोल वर नेला. उल्काचे ओठ मिटलेले होते.

“आणि सुनेला म्हणावं, चहात साखर घालू नको म्हाताऱ्याच्या. मागे लागतील तरी घालू नको.”

ओठ हलले. ‘दादा, तू’ एवढं कळलं. पुढचं वाचायला त्याने गोल खाली नेला, तोवर ओळ पुसली गेली होती. वर नेला तर ती पुन्हा काही बोलून गप्प झालेली.

“सरी, सरी,” दयानंद म्हणाला.

पडद्यावरचं चित्र गेलं. नेट गेलं असेल असं समजून तो टॉर्च धरून वाट बघत बसला. थोड्या वेळाने शेजारी ठेवलेला फोन थरथरला. उल्काचा मेसेज होता.

‘दादा, आप्पाजी वारले. ते सांगत होते मी. संध्याकाळी सगळं आटोपलं. तू हसलास.’

त्याने तो वाचला. फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला.

आप्पाजी गेले हे मनात उतरायच्या आधी त्याला स्वतःचंच हसणं दिसलं, उल्काला दिसलं असेल तसं. त्याचा कॅमेरा तर चांगला चालत होता. अंधाऱ्या खोलीत भाऊ दात काढून हसतोय, एवढंच तिच्यापुढे आलं असणार.

‘नेट खराब होतं, काहीच ऐकू आलं नाही,’ असं त्याने टाइप केलं. हे वाक्य त्याने आजवर अनेकदा पाठवलेलं होतं आणि प्रत्येक वेळी ते चाललं होतं. आत्ताही चाललं असतं. त्याने ते पुसून टाकलं. दुसरं काही सुचेना. फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं. तिचा चेहरा समोर असायला हवा होता, पूर्ण, उजेडात.

खिडकीवरची चादर काढून तो लॅपटॉप मिटायला गेला. झाकण अर्ध्यावर आलं आणि पडदा भक्कन उजळला. त्यावर उल्काचा शाळेतल्या कार्यक्रमातला, गजरा घातलेला फोटो होता. त्याने हात थांबवला. झाकण किंचित उघडलं, अंधार. किंचित मिटलं, उजेड. पत्रा रोज एकाच रेषेवर वाकवला तर तो त्याच रेषेवर तुटतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तारही तशीच तुटते. दिवा जळालेला नव्हता. बिजागरीपाशी केबल तुटली होती. पण त्या कोनात बघायचं तर गाल जमिनीला टेकवावा लागला असता, आणि बोट हललं की उजेड जात होता.

त्याने कारखान्यात उद्या येत नाही म्हणून कळवलं आणि फरशीवर जुनी लुंगी अंथरली. चार्जर काढला, खालचं झाकण सोडवलं, आधी आतल्या बॅटरीची जोडणी काढली. पडद्याभोवतीची प्लास्टिकची चौकट एका जुन्या कार्डाने उचकटायला घेतली. ती कट्‌कट्‌ करत सुटत असणार. त्याला फक्त बोटांत धक्के कळले. निघालेला प्रत्येक स्क्रू त्याने गंगव्वाकडच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये वेगळ्या खळग्यात ठेवला. मग पडदा पुढे कीबोर्डवर आडवा केला. मागे चिकटपट्टीखाली केबल होती. तिच्या मागोमाग बोट नेत तो बिजागरीशी पोचला. तिथलं काळं आवरण घासून गेलं होतं आणि केसाइतक्या बारीक दोन तारा तुटून लाल चमकत होत्या.

एवढ्या बारीक तारा जोडणं शक्य नव्हतं. हात थांबले तेव्हा आप्पाजी आठवले आणि तो त्या उघड्या लॅपटॉपसमोर बसून रडला. आपल्या रडण्याचा आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. वर आलेली गंगव्वा दारात उभी राहिलेली दिसली, तेव्हा त्याने तोंड पुसलं.

“आमच्या गावचे एक गेले, अक्का.”

गंगव्वा आत आली नाही. थोड्या वेळाने उंबऱ्याशी झाकलेलं ताट ठेवून गेली.

सोमवारी सकाळी तो मेट्रोने निघाला, वाटेत एकदा गाडी बदलून चिकपेटला उतरला. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या चुकवत एस. पी. रोडवर आला. तिथे बोळांतून नुसत्या वायरी, पडदे, कीबोर्ड लटकलेले. दोन दुकानांत मान हलवून नकार मिळाला. तिसऱ्या दुकानात मानसिंग नावाचा पोट सुटलेला मालक होता. त्याने केबल हातात घेऊन उलटसुलट केली आणि मान वळवून मागच्या फळीकडे बघत काहीतरी विचारलं.

‘सरी’ ओठांवर आलं होतं. दयानंदने ते गिळलं.

“नन्गे किवी केळ्सल्ल,” तो म्हणाला. मला ऐकू येत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे तोंडाने म्हटलं होतं. बहुतेक फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारच्या दुकानातल्या बाईने वळून पाहिलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मानसिंगने नुसती मान डोलावली. खिशातून फोन काढला आणि मोठ्या अक्षरांत हिंदीत टाइप करून समोर धरलं: मॉडेल कोणतं? दयानंदने लॅपटॉपच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो दाखवला. मानसिंगने पुन्हा टाइप केलं: गोदामातून मागवतो, बसा, कॉफी घ्या.

एवढंच. दयानंद स्टुलावर बसून कॉफी प्यायला. इतकी वर्षं ज्याच्यावर पांघरूण घातलं ते सांगून झालं होतं, आणि रस्ता होता तसाच वाहात होता. त्याला हलकं वाटलं, आणि लगोलग त्या सगळ्या वर्षांचं वाईटही वाटलं.

खोलीवर येऊन त्याने नवी केबल बिजागरीतून ओवली, जिथे जुनी घासत होती तिथे ती मोकळी वळेल अशी बसवली, दोन्ही टोकं आपापल्या जागी चेपली. चौकट लावण्याआधी बॅटरी जोडून बटण दाबलं. पडदा असा पेटला, की त्याने डोळे मिटून घेतले. बिघाड शोधताना उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवलेला तो विसरलाच होता.

शाळा सुटायच्या वेळेला त्याने उल्काला व्हिडिओ लावला. तिने उचलला नाही. थोड्या वेळाने लावला, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला ती समोर आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

“उल्का, मला ऐकू येत नाही,” दयानंद म्हणाला.

तिने स्वतःचा माईक तपासला, काहीतरी दाबलं.

“तुझा माईक नाही गं. माझे कान. मला ऐकू येत नाही. काल पडद्याचा दिवा गेला होता. ‘आप्पाजी गेले’ एवढं टॉर्च धरून वाचलं, आणि मला वाटलं, बेळगावला गेले.”

ती बघत राहिली. “कधीपासून?”

“आई होती तेव्हापासून थोडं थोडं. मग वाढत गेलं.”

“मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते?”

“माझ्याशीच. तू बोललेलं खाली उमटतं, ते मी वाचतो. तुझे ओठ बघतो.”

“मला का नाही सांगितलंस? मी तुझी कोण आहे दादा?”

उल्का रडायला लागली. खालची ओळ कोरी राहिली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. तिचं तोंड, डोळे, मागची भिंत, सगळं एकदम दिसत होतं. डोळे पुसून झाल्यावर तिने आप्पाजींचं सांगितलं. सकाळी चहा घेतला, दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसले, आणि बसल्या जागीच गेले. हातात पाना होता. दयानंदने एकदाही सरी म्हटलं नाही. जे कळलं नाही ते पुन्हा विचारलं, आणि तिने ते पुन्हा सांगितलं.

त्यानंतर दयानंदने कारखान्याच्या डॉक्टरलाही सांगितलं. तपासणी झाली, कानाला मशीन आलं. त्याने आवाज पुष्कळ येतात, भांडी, हॉर्न, गंगव्वा तर सोसत नाही इतकी. पण शब्द अजून चुरगळलेलेच येतात. ज्याची धास्ती होती तेही झालं: प्रेसवरून काढून त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथे शांत आहे. प्रेसवर चौघेजण हातांच्या खुणांनी एकमेकांची थट्टा करायचे, चहाला एकत्र जायचे. स्टोअरमध्ये तो आणि मांडण्या.

उल्का अजूनही रविवारी बोलते. पण आता ती एकेक शब्द सुटा करून बोलते, वर्गात नव्या मुलाशी बोलावं तसं. “जेवलास का? बरा आहेस ना?” हेडमास्तरांचं भांडण नाही, नळाचं पाणी नाही.

“पूर्वीसारखं बोल गं,” त्याने एकदा म्हटलं.

“तुला त्रास होतो वाचायला,” ती म्हणाली. “कामाचं तेवढं सांगते.”

त्यामुळे त्यांचं बोलणं लवकर आटोपतं आणि रविवारची दुपार बरीचशी उरते. अशा एका दुपारी तो चालत बोम्मसंद्र्याच्या मेट्रो स्टेशनबाहेर गेला आणि कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघू लागला. कानडी, हिंदी, तमिळ. बरंचसं कळत नव्हतं. तेवढ्यात पाठीवर पिशव्या घेतलेले दोघे जिन्यावरून उतरले. एकाच्या ओठांवर ‘भूक लागलीये यार’ स्पष्ट दिसलं. दुसरा म्हणाला, ‘इथे काय मिळणार?’

“समोरच्या गल्लीत खानावळ आहे,” दयानंद मराठीत म्हणाला. “निपाणीकडचे लोक चालवतात. भाकरी मिळते.”

दोघे चमकून थांबले. एकाने मान वळवून गल्लीकडे बघत काहीतरी विचारलं.

“इकडे तोंड करून बोला,” दयानंद म्हणाला. “मला ऐकू कमी येतं.”

मुलगा पुढे आला, समोर उभा राहिला. “काका, आम्ही मराठी हे कसं काय ओळखलंत तुम्ही?”

“भुकेवरून,” दयानंद म्हणाला.

ते हसले. पुण्याहून आलो, जवळच्या कंपनीत उद्यापासून रुजू व्हायचंय, असं त्यांनी सांगितलं. त्याने उठून त्यांना वळण दाखवलं, उशीर झाला तर भाकरी संपते म्हणून बजावलं. ते लगबगीने गेले. कोपऱ्यावर एकाने मागे वळून हात केला. दयानंदनेही केला, आणि पुढची गाडी येईपर्यंत तिथेच बसून राहिला.